एकवीस पेट्या आणि एक शिडी

सात-आठ वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी मी तळोज्याच्या एका रसायन कारखान्यातल्या गॅस ओळखणाऱ्या एकवीस पेट्या एका दमात मारल्या. कारण एवढंच की मला शिडी चढायचा कंटाळा आला होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी नोकरीबद्दल लिहायला बसलो की पहिली चार पानं मी किती हुशार होतो यातच जातात, असं आमच्या घरी मत आहे. घर म्हणजे खांदेश्वरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि मत म्हणजे बायकोचं. तिने माझी नोकरी तेहतीस वर्षं बाहेरून पाहिली. तिला काय दिसायचं, तर मी खुर्चीत बसलोय आणि लॅपटॉपवर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघतोय. पट्टी पूर्ण भरली की मी म्हणायचो, "झालं." ती विचारायची, "काय झालं?" याचं उत्तर मला कधी धड देता आलं नाही. आज देऊन बघतो.

सोसायटीचा कॅमेरा, ऑफिसातलं हजेरीचं यंत्र, घरातला वायफायचा राउटर, कारखान्यातली गॅसची पेटी, या सगळ्यांच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. वीज आल्यावर डोळे उघडून काय काय करायचं, हे त्याच्या आतच लिहून ठेवलेलं असतं. त्या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. ते लिहिणारी माणसंच असतात, त्यामुळे त्यात चुका राहतात. मग कंपनी सुधारलेलं लिखाण पाठवते, आणि माझ्यासारखा माणूस जुनं पुसून नवं भरतो. हा झाला अपडेट. आता गंमत अशी की पुसणं आणि भरणं यांच्यामध्ये जी काही मिनिटं जातात, तेवढ्यात त्या यंत्राला आपण कॅमेरा आहोत की इस्त्री, हेही माहीत नसतं. त्या वेळात वीज गेली, किंवा भलतंच लिखाण आत गेलं, की ते पुन्हा डोळे उघडत नाही. दिवा नाही, आवाज नाही. आमच्या धंद्यात अशा यंत्राला वीट म्हणतात. दाराला अडसर म्हणून लावावं, एवढाच उपयोग.

आमची कंपनी तुर्भ्याला एका औद्योगिक गाळ्यात होती. खाली ट्रकांची रांग, वर आम्ही सतरा जण. मी इंटरकॉम दुरुस्त करायला म्हणून लागलो आणि काळ जसा बदलला तसा त्याच खुर्चीत बसून मोडेमवाला, मग कॅमेरेवाला, मग नेटवर्कवाला झालो. खुर्ची मात्र एकदाच बदलली, तीही मोडली म्हणून.

माझ्या चुका मी कधी लपवल्या नाहीत, कारण त्या लपत नसत. खारघरच्या एका सोसायटीत सोळा कॅमेरे अपडेट केले आणि घड्याळ लावायला विसरलो. घड्याळ हरवलं की ही यंत्रं थेट एक जानेवारी एकोणीसशे सत्तर या तारखेला जाऊन बसतात, तो त्यांचा जन्मदिवस म्हणा ना. पुढच्याच आठवड्यात स्कूटर चोरीला गेली. चोराचा चेहरा लख्ख दिसला, टोपीवरचं चित्रसुद्धा दिसलं. सोसायटीचे चेअरमन ते चित्रण घेऊन पोलिसांकडे गेले आणि तिथून त्यांनी मला फोन केला. "परबसाहेब, इथले हवालदार विचारतायत, चोर सत्तर साली आला, तेव्हा इथे खाडीचा चिखल होता. तो पार्किंगमध्ये कुठून शिरला?"

तुर्भ्यालाच एक मसाल्याचे व्यापारी होते. त्यांना आम्ही शेठच म्हणायचो. त्यांच्या गोदामात दहा कॅमेरे आणि अपडेट म्हटलं की त्यांना मुहूर्त लागायचा. अमावास्येला हात लावू देत नसत. चांगल्या दिवशी सगळं काम थांबवायचे, नारळ फोडायचे आणि स्वतः शिडी चढून एकेका कॅमेऱ्याला कुंकू लावायचे. साठी उलटलेला माणूस, मिरचीच्या पोत्यांमधून दहा वेळा वर, दहा वेळा खाली. मी खाली खुर्चीत बसून हसायचो. एकदा त्यांनी वरून आवाज दिला, "परब, या कॅमेऱ्याच्या पाठीवरचा कागद वेगळाय, बाकीच्यांसारखा नाही." मी गेलो, पाहिलं, खरंच तो वेगळ्या बनावटीचा होता. त्याची फाईल वेगळी आणून भरली. शेठच्या गोदामात माझ्या हातून एकही यंत्र कधी मेलं नाही. याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःकडे ठेवलं होतं.

आमच्या गाळ्यात कुंकवाच्या जागी नलावडे मॅडम होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलणं सरळ. तपासणीचं टेबल त्यांच्या ताब्यात आणि त्यांची सही झाल्याशिवाय कुठलीही फाईल गाळ्याबाहेर जात नसे. फाईल आली की आधी तिचा आकडा काढायचा. म्हणजे असं, की अख्ख्या फाईलवरून कॉम्प्युटर चौसष्ट अक्षरांची आणि अंकांची एक ओळ तयार करतो. फाईलमध्ये वाटेत एक टिंब जरी बदललं तरी ती ओळ पूर्ण बदलते. कंपनीने आपली ओळ जाहीर केलेली असते. ती आणि आपण काढलेली जुळली, की फाईल जशी निघाली तशी पोचली. आता ही जुळवणी कॉम्प्युटर एका क्षणात करतो, पण मॅडमना ते मान्य नव्हतं. "त्याने त्याचं केलं, आपण आपलं करू." मग त्या चष्मा लावून कंपनीची ओळ मोठ्याने वाचायच्या आणि मी माझ्या कागदावर पेन्सिलीने टिक करत जायचो. "तीन, ए, नऊ, नऊ, एफ..." चौसष्टपर्यंत. शेजारच्या गाळ्यात खोकी बनवणारे लोक होते. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे दुपारी काहीतरी जप चालतो. एकदा त्यांच्यातल्या एकाने विचारलंसुद्धा, "कोनाचा हाय?"

तो दुपारचा आवाज मला अजून आठवतो. खाली ट्रकचे रिव्हर्सचे भोंगे, पंख्याची कुरकुर, आणि मॅडमचा एकसुरी आवाज. कंटाळ्याने जीव जायचा. आज त्यासाठी तुर्भ्याला जायची तयारी आहे, पण त्या गाळ्यात आता कुरिअरवाले बसतात.

मॅडमचा एक छापील फॉर्मही होता. प्रत्येक यंत्रामागे तीन रकाने: जुनी मांडणी, म्हणजे यंत्राचं सेटिंग, जपून ठेवली का, वीज पक्की आहे का, आणि लेबल स्वतः डोळ्यांनी पाहिलं का. शिवाय शाईने अधोरेखित केलेला नियम, की आधी एकच यंत्र करायचं, एक दिवस थांबायचं, मग बाकीची.

आता तळोजा.

त्या कारखान्यात बावीस ठिकाणी गॅसच्या पेट्या होत्या. गळती झाली की पेटी ओळखते, नेटवर्कवरून सांगते आणि भोंगा वाजतो. अडचण अशी होती की दमट हवेत त्या खोटा भोंगा वाजवायच्या. माणसं बाहेर पळायची, डोकी मोजली जायची, मग कळायचं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर माणसं पळेनाशी झाली, आणि ते जास्त वाईट. त्यावर उपाय म्हणून नवं फर्मवेअर आलं होतं. देखभालीसाठी कारखाना तीन दिवस बंद होता, तेवढ्यात ते भरायचं होतं. गुरुवारी कारखाना सुरू, आणि नियम असा की सगळ्या पेट्या जिवंत असल्याशिवाय सुरू करायचा नाही.

माझ्या सोबतीला कारखान्याने अनंत म्हात्रेला दिलं होतं. जवळच्याच गावचा, पस्तिशीचा. कारखान्याच्या वीजखोलीचं काम बघायचा. आठ वर्षं कंत्राटावर होता. ज्या जमिनीवर ही वसाहत उभी राहिली त्यात त्याच्या आजोबांची भातशेतीही गेली होती, त्यामुळे आपण इथे पाहुणे नाही असा त्याचा चालण्यात एक भाव होता. सकाळी पहिला चहा पिताना त्याने मला सांगितलं होतं, "परबसाहेब, शुक्रवारी माझा पत्र येनार. परमनंटचा. बायकोनी आतापासून सगल्यांना सांगितलंय."

"पेढे कुठे?"

"पत्र हातात येऊ दे. मंग."

सकाळी अकराला मी गेटवरची पेटी अपडेट केली. ती डोक्याच्या उंचीवर होती, उभ्या उभ्या लेबल वाचता आलं. लेबलवर बनावट होती 'क'. सोबत आणलेल्या फाईलींमधून 'क'ची भरली. पट्टी सरकली, पेटी उठली, हिरवा दिवा. बाकीच्या एकवीस पेट्या वर पाइपांच्या रांगेत, पंधरा-सोळा फुटांवर.

अनंत म्हणाला, "शिडी आनू का? बॉयलरच्या शेडमदी हाय."

मी वर पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, मला पोट होतं आणि लॅपटॉप सावलीत होता. "नको रे. सगळ्या सारख्याच आहेत. नाव एकच, मॉडेल एकच."

"बगा हां."

"अरे, आम्ही हेच करतो रोज."

मग मी फॉर्मवर 'लेबल स्वतः डोळ्यांनी पाहिलं' या रकान्यात बावीस टिका केल्या. एक खरी, एकवीस शोभेच्या. एक दिवस थांबायचा नियम मी एका चहावर भागवला. स्क्रीनवर प्रश्न आला, की यंत्राची बनावट तपासली आहे याची खात्री आहे का. हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि आपण प्रत्येक वेळी 'हो' म्हणतो. मी 'हो' म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीत एकवीस पेट्यांना एकदम फाईल सोडली.

पट्ट्या सरकल्या. एकवीस पट्ट्या एकत्र भरताना बघायला फार सुंदर दिसतात. मग एकेक पेटी बंद होऊन उठायला हवी होती. बंद झाल्या. उठल्या नाहीत.

पाच मिनिटं थांबलो. दहा. कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या नकाशात एकवीस दिवे विझलेले आणि गेटवर एक हिरवा. माझ्या मागे कारखान्याचे मॅनेजर देशमुख येऊन उभे राहिले होते. तेवढ्यात अनंत हात पुसत आत आला. माझ्या तोंडून निघालं, "अनंता, मध्ये लाईट गेली होती का रे?"

मी फक्त विचारलं होतं. आमच्या धंद्यात यंत्र मेलं की पहिला प्रश्न हाच असतो, डॉक्टर जसा 'काल काय खाल्लं' विचारतात तसा. पण देशमुखांच्या कानाला तो प्रश्न म्हणून गेला नाही.

"म्हात्रे, तू कुठे होतास?"

"वीजखोलीत."

"काय करत होतास?"

"डबा खात होतो साहेब. थंड असतं तिथं."

"स्विचला हात लावलास?"

"कशाला लावू?"

देशमुख माझ्याकडे वळले. "परब, लाईट गेली तर असं होतं?"

"होतं," मी म्हणालो. हेही खरंच होतं. त्या दुपारी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही, ही माझी तेव्हाची समजूत.

अनंत म्हणाला, "साहेब, लाईट गेलीच नाय. गेली असती तर पंखे बंद पडले असते. कोनालाबी इचारा."

पण सुट्टीत बाकी सगळे बाहेर जेवायला गेले होते. देशमुखांनी त्याला घरी जायला सांगितलं आणि माझ्याकडून लेखी मागितलं. मी कागद घेतला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं मराठी वाक्य लिहिलं: 'अपडेट चालू असताना विद्युतपुरवठा खंडित झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शाळेत असं लिहिलं असतं तर मास्तरांनी पाठ थोपटली असती. देशमुखांनी त्याचा फोटो काढून लगेच मुंबईच्या ऑफिसला पाठवला.

तपासायला एक मेलेली पेटी तुर्भ्याला न्यायची होती. ती काढायला दुसऱ्या माणसाने बॉयलरच्या शेडमधून शिडी आणली. म्हणजे शिडी शेवटी आलीच. पेटी माझ्या हातात दिली तेव्हा तिचं लेबल माझ्या तळहाताखाली होतं. मी हात न उचलता ती पिशवीत टाकली. मुद्दाम टाकली, हे आता लिहायला हरकत नाही.

साडेचारला गाळ्यात पोचलो. नलावडे मॅडम टेबलापाशीच होत्या.

"काय ओ परब, कुणाचं प्रेत आणलंत?"

"अपडेटमध्ये गेली मॅडम. बहुतेक लाईट गेली."

"किती गेल्या?"

"एकवीस. गेटवरच्या पेटीचा दिवा मात्र एकदाही विझला नाही."

"गेटवरची दुसऱ्या लाईनीवर आहे?"

"नाही, सगळ्या एकाच लाईनीवर."

"मग तिला तेवढी लाईट कुणी दिली, गणपतीने?"

त्यांनी पेटी पिशवीतून काढली, उलटी केली, चष्मा वर सरकवून लेबल डोळ्यांजवळ नेलं. मग हात पुढे केला. मी फॉर्म दिला. त्यांनी तिसऱ्या रकान्यातल्या टिका मोजल्या. बोट ठेवून, बावीसच्या बावीस.

"ही पेटी 'ब' आहे, परब."

पेट्या मुळात सगळ्या 'ब' होत्या. गेटवरची आदल्या वर्षी एका टँकरने मागे येताना चेपली, म्हणून बदलली होती, आणि बदलून आली ती नवी बनावट, 'क'. नाव तेच, तोंड तेच, आतली चिप वेगळी. म्हणजे बावीस पेट्यांमधली जी एकच वेगळी होती, तीच मी नमुना म्हणून निवडली होती. का, तर तिच्यापर्यंत माझा हात पोचत होता.

"पण आकडा जुळला होता मॅडम," मी म्हणालो. "तुम्हीच वाचलात. चौसष्टच्या चौसष्ट."

"जुळणारच. निघाली तशी फाईल पोचली, एवढंच आपण दोघांनी बघितलं. ती ह्या पेटीची आहे का, हे बघायला तुम्हाला तिथं पाठवलं होतं." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "शिडी कुठली वापरलीत, बावीस लेबलं बघायला?"

मग मी सगळं सांगितलं. अनंतचा डबा, घरी पाठवणं, शुक्रवारचं पत्र, आणि ते नीटनेटकं वाक्य. मॅडमनी पेटीचे स्क्रू काढले, आत एक केबल जोडली आणि 'ब'ची फाईल भरायला घेतली. वीस मिनिटांत हिरवा दिवा आला. मेलेलं यंत्र असं उठवता येतं, पण एकेक, हाताने, झाकण उघडून. दुरून होत नाही.

"उद्या जाऊन पेट्या करा," त्या म्हणाल्या, "आणि ते वाक्य परत आणा."

"आधी पेट्या चालू करतो मॅडम. मग जरा वातावरण बघून सांगतो."

"वातावरण तुम्हीच बिघडवलंय. त्यात काय बघायचंय?"

त्या रात्री मी घरी दोन वेगळे अहवाल लिहिले. एकात चूक माझी होती. दुसऱ्यात 'विविध कारणांचा एकत्रित परिणाम' झाला होता. दोन्ही पिशवीत घातले आणि बुधवारी सकाळी आठला तळोज्याला उतरलो.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अनंत बसला होता. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, मांडीवर जेवणाचा डबा.

"अनंता, तुला तर..."

"घरी सांगितलं नाय," तो म्हणाला. "बायकोनी रोजच्यासारखा डबा दिला, मी रोजच्यासारखा निंगालो. आता पाच वाजेपरेंत हितं बसनार." त्याने मला बाकावर जागा करून दिली, चहा सांगितला. त्याचा राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. तो विचार करत होता. म्हणाला, "परबसाहेब, मना येक सांगा. तुमच्या मशिनीत सगला लिवून राहतो ना? कवा चालू, कवा बंद? मंग ती बोलत नाय का, लाईट नवती गेली म्हनून?"

"बोलते," मी म्हणालो.

"मंग काय बोलली?"

माझा चहा आला होता. मी तो तसाच ठेवला. "लाईट गेली नव्हती, अनंता. मी चुकीची फाईल भरली. वर चढून लेबल बघितलं नाही."

त्याने मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाला, "मी शिडी इचारली होती."

"हो."

"दोनदा इचारणार होतो. पन तुमी इंजिनेर."

मी उठलो, दुसरा अहवाल टपरीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि आत जाऊन पहिला देशमुखांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"म्हणजे म्हात्रेने काहीच केलं नाही?"

"केलं. शिडी आणू का, असं विचारलं होतं."

देशमुख मला बरंच काही बोलले. ते लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं हिंदीत होतं आणि सगळं खरं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी कारखाना सुरू होईल का?"

"होईल. पण मला शिडी लागेल, आणि ती धरायला म्हात्रे लागेल."

असा मी एका दिवसात वीस वेळा शिडी चढलो. एकविसावी पेटी मॅडमनी टेबलावर उठवली होती, पण ती परत बसवायलाही चढावंच लागलं, म्हणजे एकवीसच. वर गेलो की झाकण उघडायचं, केबल लावायची, वीस मिनिटं पाइपाला कोपर टेकून पट्टी बघायची. खाली अनंत शिडीला पाय लावून उभा. पहिल्याच पेटीला त्याने खालून आवाज दिला, "लेबल वाचा."

"'ब'."

"ऐकू नाय आला."

"'ब'!"

अर्धं आवार वळून बघायला लागलं. मी सातव्या पेटीवर असताना वेल्डिंगवाल्यांनी हातातलं काम थांबवून ताल धरला होता. अनंत ओरडायचा, "लेबल," आणि ते सगळे माझ्या आधी ओरडायचे, "'ब'." दुपारी दोघांनी मिळून वीजखोलीत त्याचा डबा खाल्ला. सुकट होती आणि तांदळाच्या भाकऱ्या. खरंच थंड होतं तिथे. तेव्हा मी पाय दाबत म्हणालो, "शुक्रवारी पत्र येईल ना रे?"

"येल की. तुमी लिवून दिलाव ना आता."

संध्याकाळी सहाला नकाशावर बावीस हिरवे दिवे लागले. गुरुवारी कारखाना सुरू झाला.

शुक्रवारी पत्र आलं नाही.

माझं पहिलं वाक्य फोटो होऊन मुंबईला पोचायला दोन मिनिटं लागली होती. तिथे कुणीतरी ते छापून अनंतच्या फाईलला लावलं. ते काढायला चार महिने लागले. देशमुखांनी दोनदा लिहिलं, मी तीनदा लिहिलं, एकदा मी आणि नलावडे मॅडम दोघेही त्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीच लिहिलंय ना, शक्यता नाकारता येत नाही?" मी म्हणालो, "आता नाकारता येते." त्यावर त्यांनी कुठल्या नियमाने, असं विचारलं. यंत्रात आम्ही जुनी मांडणी जपून ठेवतो. चुकलं की परत आणतो. त्या फाईलमध्ये तशी सोय नव्हती. त्या चार महिन्यांत अनंतच्या मागून कंत्राटावर आलेले दोघे जण परमनंट झाले आणि ज्येष्ठतेच्या यादीत आजही त्याच्या वर आहेत. पेढे मिळाले, पण पेढा खाताना मी त्याच्या बायकोकडे बघितलं नाही. तिने गावात आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि चार महिने तिला रोज कुणीतरी विचारत होतं.

याबद्दल अनंत मला एका शब्दाने बोललेला नाही. तो बोलतो ते फक्त शिडीबद्दल.

आमच्या कंपनीत त्यानंतर माझ्या सहीखाली दुसरी सही लागायला लागली आणि मॅडमच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना आला: 'शिडी कोणी धरली?' निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला भेट दिली ती ॲल्युमिनियमची, पाच पायऱ्यांची शिडी. तिला लाल रिबीन बांधली होती. नलावडे मॅडमनी स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रिकाम्या वेळात सराव करा." ती आमच्या गॅलरीत असते. बायको तिच्यावर कुंड्या ठेवते.

आता अपडेट आपोआप होतात. आपण झोपलेले असताना कुठूनतरी फाईल येते, स्वतःचा आकडा स्वतः जुळवते, भरली जाते, सकाळी यंत्र ताजंतवानं. फार चांगली गोष्ट आहे. कुणाला वाचावं लागत नाही, कुणाला टिक करावी लागत नाही. मी मात्र अजून बँकेचा नंबर लिहिताना मोठ्याने वाचतो, आणि पलीकडे कुणी टिक करायला नाही हे लक्षात आलं की थांबतो. मॅडम साताऱ्याला परत गेल्या. अधूनमधून फोन करतात. फोन नंबर बदलला तेव्हा नवा नंबर त्यांनी दोनदा वाचून घेतला, माझ्याकडून एकदा म्हणवून घेतला, आणि मग ठेवला.

परवा अनंत घरी आला होता. गावात नवं घर बांधलंय, त्याच्या वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन. केस पिकायला लागलेत. बायकोने पोहे केले. गप्पा मारताना तिने तक्रार केली की आमचं वायफाय चार दिवस धड चालत नाही आणि हे नुसतं 'बघतो' म्हणतायत. मला पाहुण्यासमोर जोर आला. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईल काढला, राउटरचं पान उघडलं. अपडेट आलेलाच होता. "हे बघ, दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो. राउटर पोटमाळ्यावर आहे. स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला, बनावट तपासली आहे याची खात्री आहे का. माझा अंगठा 'हो'वर जात होता.

अनंतने पोह्यांची बशी खाली ठेवली. उठून गॅलरीत गेला. एकेक कुंडी उचलून खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शिडी घेऊन आला, पोटमाळ्याखाली उभी केली, पहिल्या पायरीला पाय लावला.

"चढा."

"अरे अनंता, गुडघे दुखतात आता."

"चढा. मी धरतंव."

चढलो. वर राउटरवर धूळ होती, ती फुंकली आणि लेबल मोठ्याने वाचलं, कारण ऐकू नाही आलं असं तो म्हणणारच होता. फाईल त्याच बनावटीची निघाली. पट्टी सरकली, दिवा हिरवा झाला. मी वरूनच म्हणालो, "झालं."

खाली बायको पदराला हात पुसत उभी होती. तिने मला आयुष्यात पहिल्यांदाच कामासाठी वर चढलेलं बघितलं होतं. ती अनंतला म्हणाली, "भाऊजी, हे असंच करायचे का हो तेहतीस वर्षं?"

"नाय वैनी," अनंत शिडी न सोडता म्हणाला. "तेहतीस वर्षं खुर्चीतच बसले. काम येकच दिस केलं, ते पन शिडी मी धरली होती म्हनून."